पहिल्या ठोकळ्याची पायरी

शेडातले किस्से डब्याच्या कडेला ओघळलेल्या रेझिनसारखे असतात. रोज थोडं साचतं, पुसायचं राहतं, आणि एक दिवस खरवडायला जावं तर निघत नाही. कामथडीला हमरस्त्यालगत आमची शेड. विजेच्या पेट्यांत तारा धरून ठेवणारे ठोकळे आम्ही ओततो. रेझिन मिसळायचं काम माझ्या दादाचं होतं. चैत्रात तो तापानं गेला.

*

आमच्याकडे एक रीत आहे. लॉटमधला पहिला ठोकळा आमचे मुकादम बाबूकाका दारातल्या दगडी पायरीवर कमरेच्या उंचीवरून टाकतात. फुटला तर सगळा लॉट बाद.

माझ्या पहिल्याच आठवड्यात दादा भोरला गेला होता. मला कुठला दम! पातळ रेझिन पटकन ओतता येतं म्हणून नुसतं तेच घेतलं, ते घट्ट करणारा हार्डनर मिसळला आणि साचे भरले. ठोकळे काचेसारखे चकचकीत निघाले. पहिला पायरीवर पडला आणि बत्ताशासारखा फुटला.

काका तुकडे गोळा करत म्हणाले, "देखणं लई हुतं रं. नांदणारं नव्हतं."

*

पुढच्या खेपेला मी चिडून नुसतं जाड रेझिन घेतलं. ते काकवीसारखं. कोपऱ्यात शिरेना, बुडबुडे आतच अडकले. ठोकळा फुटला नाही, पण भोकंच भोकं.

"ह्यातनं पीठ चाळता यील," काका म्हणाले.

दादा रागावला नाही. शनिवारी आम्ही घरी पालीला निघालो. ओढ्याला पाणी होतं, माणसं हात धरून उतरत होती. दादा म्हणाला, "रेझिनमधी अशाच साखळ्या असत्यात. पातळात आखूड, जाडात लांब. हार्डनर पडला की समद्या एकमेकींचा हात धरत्यात. नुसत्या आखूड असल्या तर जाळं घट्ट व्हतं, पन ताठ. हिसका बसला की तुटतं. लांब असल्या तर हिसका सोसत्यात, पन फटीत शिरत न्हाईत. दोन्ही लागत्यात." मग माझा हात धरून म्हणाला, "चल, आखूड."

तेव्हापासून शेडात माझं तेच नाव.

*

एकदा पुण्याहून रेझिन बनवणाऱ्या कंपनीचे केमिस्ट साहेब आले. दोन डबे पुढं ठेवून म्हणाले, "कागदावर दोन्हींची सरासरी साखळी सारखीच आहे. मग एकाच डब्याचे ठोकळे का तडकतात?"

दादानं मला शेजारी उभं केलं. मी त्याच्या खांद्याला लागायचो. "साहेब, आमा दोघांची सरासरी काढून शर्ट शिवला, तर कुनाला व्हईल?"

साहेब हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

हल्ली दादाचा शर्ट मी घालतो. बाह्या दोनदा दुमडाव्या लागतात.

*

दादानं शेवटचा लॉट ओतला त्याच संध्याकाळी त्याला ताप भरला. नंतर महिनाभर त्या साच्यांना कुणी हात लावला नाही. परवा मी ते उघडले. पहिल्या ठोकळ्यावर दादाच्या अंगठ्याचा ठसा होता. रेझिन धरलंय का बघायला तो अंगठा टेकवायचा.

हा फुटला तर काय, ते मला काकांना सांगता येईना. त्यांनी ठोकळा उचलला, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"आज पायरी वली हाय."

वैशाखातली दुपार होती. पायरीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता.

दुसऱ्या दिवशीही पायरी ओली निघाली. तिसऱ्या दिवशी लॉट न्यायला टेम्पो आला. काकांनी खोक्यातून दुसरा ठोकळा काढून टाकला. खणकन वाजला आणि उडून माझ्या पायाशी आला. चरासुद्धा नाही. लॉट टेम्पोत चढला.

ड्रायव्हरनं काकांच्या डाव्या हातातल्या ठोकळ्याकडं बोट केलं. "आन् ह्यो पहिला? ह्यो नाय टाकायचा?"

काकांनी तो माझ्या हातात दिला.

"ह्याची पायरी वाळायची हाय अजून."