दगडाखालचा डबा
चिंचेने पितळ घासताना तो वास आला की मला आमचा फिरता चषक आठवतो. मोबाइलात नकाशे नव्हते तेव्हा आमच्या ह्यांच्या कारखान्यातल्या कुटुंबांचा दरवर्षी खेळ असायचा, जीपीएसच्या मशीनवर जागा हुडकून लपवलेला डबा शोधायचा आणि जिंकेल त्याच्या घरी चषक वर्षभर. बदलापूरचे एक साहेब तीन वर्षं तो सोडत नव्हते. "वहिनी, तुम्ही पुऱ्या सांभाळा, मशीन बायकांना नाही जमत," चौथ्या वर्षी मला म्हणाले. शिवमंदिरामागे दगडाखाली डबा आधी आम्हा बायकांनाच सापडला. आतल्या वहीत पहिली नावं लिहून तो परत ठेवला आणि वरच्या दगडाला हळदकुंकू वाहिलं. साहेब मशीन बघत तिथेच आले, बूट काढले, नमस्कार केला आणि पुढे गेले! चषक माझ्या हाती देताना त्यांना वर बघवेना. आता म्हातारे झालेत, कीव यायला हवी. पण छे, मला नाही येत बाई.