आयच्या फोनचा फैसला

घाबरट माणसाकडे किस्से फार जमतात. धीट माणूस प्रसंग घडून गेला की विसरतो. आम्ही घाबरट मंडळी तो चार जणांना सांगतो, सांगताना पुन्हा एकदा घाबरतो, आणि असं करता करता त्याचा किस्सा होऊन जातो. गेल्या दोन-तीन महिन्यांत माझ्याकडे असे बरेच साठलेत. सगळे एकाच घरातले, आणि सगळे एका फोनवरून!

घर गिरीज गावातलं, आमच्या आयचं. आय म्हणजे माझी आई. वय पंच्याहत्तर, बाबा गेल्यापासून वाडीत एकटीच राहते. मी आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहते आणि तिथल्याच शाळेत शिकवते. दादा कॅनडात. रस्त्याच्या खोदकामात आमच्या आळीची टेलिफोनची तार तुटली आणि "आता ती जोडून मिळणार नाही" असं उत्तर आलं. त्यावर उपाय एकच, इंटरनेटवरचा फोन. घरात एक डबा बसवायचा, त्याला आपला जुनाच फोन जोडायचा. "महिनाभर वापरून बघा, नको वाटला तर डबा परत नेतो," कंपनीवाले म्हणाले.

दादाने मला व्हिडिओ कॉल करून लगेच निकाल दिला. "आवाज स्वच्छ, नंबर तोच. अजून काय पाहिजे तुला?"

मला एकच पाहिजे होतं. जुना फोन लाइट गेली तरी चालायचा, कारण त्याला तारेतूनच करंट यायचा. हा डबा घरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की डबा बंद, आणि डबा बंद की फोन बंद. नेमकी त्याच वेळी आय मोरीत पाय घसरून पडली तर? हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो काही केल्या बाहेर पडेना.

*

तुम्ही म्हणाल, मोबाइल द्या की! दिला होता.

पहिला दिला तो स्मार्टफोन. आयची बोटं पन्नास वर्षं केळीच्या बागेत राबलेली. स्क्रीनला ती बोटं आहेत हेच कळेना! फोन वाजतोय, आय घासघास घासतेय, फोन ढिम्म. शेवटी तिने तो नाकाने उचलला. "हॅलो" म्हणताना पुन्हा नाक लागलं आणि कट झाला.

मग बटणांचा साधा मोबाइल आणला. घरात रेंज नाही, फक्त पुढच्या पडवीत आहे, हे आयने दोन दिवसांत हेरलं. तिसऱ्या दिवशी बघते तर फोन कापडी पिशवीत घालून पडवीतल्या खिळ्याला टांगलेला.

"आय, मोबाइल जवळ ठेवायचा असतो गं!"

"रेंज इथे आहे ना? मग त्याला इथेच राहू दे."

*

डबा आमच्या आधी शेजारच्या फिलोमिना मावशींकडे बसला. मावशी आयच्या बालमैत्रीण. त्यांच्या सुनेने शहाणपण करून डब्यासोबत एक छोटा बॅटरी बॅकअपही आणला. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, मार्ग सापडला! लाइट गेली तरी दोन-तीन तास फोन चालू राहील.

एका संध्याकाळी आळीतली लाइट गेली. मी मुद्दाम मावशींना फोन लावून बघितला. लागेना. पुन्हा लावला, लागेना. म्हटलं, बॅकअप असून ही गत, तर आमचं काय होणार?

दुसऱ्या दिवशी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, बॅकअप एकदम मस्त आहे हां! फोनचा डबा काढून त्यात टीव्ही लावला. मालिका शेवटपर्यंत बघितली!"

*

तरी आमच्याकडे डबा बसला. दादा तिकडून रोज मागे लागला होता, त्यापुढे माझं काही चाललं नाही.

बसवायला आलेले गृहस्थ वयस्कर आणि अनुभवी होते. मी त्यांना आयची खोड सांगितली. आकाशात जरा गडगडलं की आय घरातला एकूण एक प्लग उपटते. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, सगळं. वीज कडाडत असताना तिच्या घरात विजेचं काही चालू राहत नाही. म्हणजे जेव्हा आम्हाला सगळ्यात जास्त काळजी, तेव्हाच हा फोन बंद!

त्यांनी शांतपणे घरभर नजर फिरवली. मग आल्तारापाशी गेले. आल्तार म्हणजे आमच्या घरातली देवाची जागा. तिथे येशूच्या तसबिरीपुढे एक छोटा लाल बल्ब सदोदित जळत असतो.

"हा कधी बंद करता?"

"छे! हा कसा बंद करणार?" आय जवळजवळ ओरडलीच.

त्यांनी डब्याचा प्लग बल्बच्या शेजारी लावला, आणि दोघांचं मिळून एकच बटण ठेवलं. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात परतीचा पाऊस धो धो आला. विजा अशा कडाडत होत्या की आमच्या वर्गातली पोरं बाकाखाली शिरली. मधल्या सुट्टीत घाबरत घाबरत फोन लावला. रिंग गेली! वाजत राहिली, वाजत राहिली, पण कोणी उचलेना. पाऊस थांबल्यावर आयचाच फोन आला.

"अगं, मघाशी का उचलला नाहीस? फोन चालू होता ना?"

"चालू होता. पण विजेत फोनला हात लावायचा नसतो."

*

दादाला वाटलं, प्रश्न फोनचा नाही, सरावाचा आहे. त्याच्या ऑफिसात आग लागल्याची रंगीत तालीम होते म्हणे. तशी त्याने रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर आयची तालीम घेतली. मी तेव्हा तिच्याच शेजारी बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"आय, समज तू स्वयंपाकघरात पडलीस."

"कशाला पडू?"

"समज गं! पडलीस. तर सगळ्यात आधी काय करशील?"

"उठेन."

"उठताच येत नसेल तर?"

आयने पदर सारखा केला. मग म्हणाली, "तर मग तुमची वाट बघेन." दादाने विषय बदलून हवेच्या गोष्टी काढल्या. मी उगाच डब्याचे दिवे मोजत बसले.

*

मग एक दिवस तो फोन आला. पलीकडचा माणूस दरडावून हिंदीत बोलत होता. पोलीस आहोत म्हणाला. तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, मोठ्या भानगडीत सापडलाय.

आय म्हणाली, "त्याला द्या फोन."

खरंच कोणीतरी रडत रडत फोनवर आला. "मम्मी, मला वाचव! मम्मी, हे सांगतात तसं कर!"

आयने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझा पोरगा मला आय म्हणतो." आणि रिसीव्हर ठेवून दिला.

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये सांगितला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मी गिरीजला गेले तेव्हा काय दिसलं, ते मात्र सांगितलं नाही. आयने पाण्याचा पेला तोंडाला लावेपर्यंत अर्धा सांडला. "दादा बरा आहे ना?" तिने चार वेळा विचारलं. आवाज त्याचा नाही हे तिला कळलं होतं, पण आईचं मन तेवढ्याने थोडंच मानतं?

मी तिथूनच दादाला फोन लावून म्हटलं, "नको हा फोन. परत देऊन टाकू."

दादा म्हणाला, "असला कॉल जुन्या फोनवर आला नसता का?"

आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणे मी नुसती घाबरवते. मी म्हणे तू लांब बसून नुसते सल्ले देतोस. फोन स्पीकरवर राहून गेलाय, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. आय बाजूलाच शेवग्याच्या शेंगा सोलत सगळं ऐकत होती.

*

महिना संपायला तीन दिवस होते. डबा ठेवायचा की परत द्यायचा, ते ठरत नव्हतं.

मी रोज एकच्या मधल्या सुट्टीत आयला फोन करते. त्या दिवशीही केला. रिंग जात होती, उचलला नाही. म्हटलं, वाडीत असेल. पाच मिनिटांनी पुन्हा केला. मग पडवीतल्या मोबाइलवर केला. मग फिलोमिना मावशींना केला, तर त्या निर्मळला भाचीच्या लग्नात. मागे बॅन्ड वाजत होता, मी काय बोलते ते त्यांना ऐकूच येईना.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. माझा सातवीचा तास होता. आणि मी तो घेतला. हे सांगायची लाज वाटते, पण घेतला. म्हटलं, उगाच घाबरायची माझी खोडच आहे. फळ्यावर काय लिहिलं ते आजही आठवत नाही.

तास संपल्यावर पुन्हा फोन केला. नुसती रिंग. मग मुख्याध्यापिका बाईंना सांगून स्कूटर काढली. पुलावर ही ट्रॅफिक! मी हेल्मेटच्या आत "नमो मरिये" ही प्रार्थना म्हणत होते आणि दर चार शब्दांनी चुकत होते.

मागच्या दाराची कडी काढलेली होती. आत शिरले.

आय स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. उताणी. एक हात बाजूला, डोळे मिटलेले.

मी गुडघ्यांवर बसले, तिच्या गालाला हात लावला. गाल थंड होता. लादीचा थंडपणा असेल, पण तेव्हा ते कुठे सुचतंय!

आयने डोळे उघडले. मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"पावणेतीन," ती म्हणाली.

"आय! काय झालं? कुठे लागलं? कधी पडलीस?"

"पडले नाही गं. बाराच्या ठोक्याला आडवी झाले. फिलू लग्नाला जाणार हे ठाऊक होतं, म्हणून आजचाच दिवस धरला. कडी आधीच काढून ठेवली, तुला दार मोडायला लागू नये म्हणून. फोन ऐकू येत होता, पण उठले नाही. पाणीसुद्धा नाही प्यायले. खरंच पडल्यावर कोण देणार?"

मी रडत होते, ओरडत होते, काय काय बोलत होते कोण जाणे. तिने माझा हात धरून हळूहळू उठून बसायला सुरुवात केली. कंबर धरली होती. भिंतीला टेकून बसली, पदराने माझं तोंड पुसलं.

"पावणेतीन तास," ती म्हणाली. "तेवढा वेळ मला काढता येतो. बघितलं मी. आता भांडू नका, तुम्हाला पाहिजे तो फोन घ्या."