विमानतळावर कोण जेवतं?

मी आमचं गिरीज गाव सोडलं त्या दिवशी आमची निम्मी आळी टेम्पो करून मला विमानतळावर पोहोचवायला आली होती. जणू मी न्यूझीलंडला नव्हे, लढाईवर निघाले होते. आत्या रडत होती आणि रडता रडता माझ्या बॅगेची चेन ओढून बघत होती. वेळ बराच होता, म्हणून माझ्या नवऱ्याने तिथल्या हॉटेलात काहीतरी खाऊ या असं सुचवलं. बाबांनी जावयाकडे असं पाहिलं की तो बिचारा लगेच ट्रॉलीची चाकं तपासू लागला.

"विमानतळावर कोण जेवतं?" बाबा म्हणाले. "इथे माणूस दोनच कामांना येतो. कुणाला घालवायला, नाहीतर कुणाला आणायला."

मग सगळे बाहेर फुटपाथवर बसलो. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी सुटली. सुरक्षारक्षक दोनदा येऊन नुसता वास घेऊन गेला.

मी आता राहते ते गाव न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला आहे. तिथला विमानतळ म्हणजे आपला आगाशीचा एसटी स्टँड समजा. एक रनवे, कुंपणापलीकडे मेंढ्या. पण त्यातलं रेस्टॉरंट गावाचं भारी लाडकं. बायका लिपस्टिक लावून, पुरुष बरा शर्ट घालून वीकेंडला तिथे जेवायला जातात. विमानाशी कुणाला काही देणंघेणं नसतं. "एअरपोर्टला जाऊ" याचा अर्थच "बाहेर जेवायला जाऊ". मीही तसंच बोलायला लागले, आणि तिथेच घोटाळा झाला.

आई गेल्यावर बाबांना मी माझ्याकडे आणलं. कायमचं. "लेकीच्या घरी कुठे राहतात का?" हे त्यांचं पालुपद मी हसण्यावारी नेत असे. काही महिने गेले. एका शुक्रवारी शिफ्टवरून दमून आले आणि दारातूनच म्हणाले, "बाबा, उद्या दुपारी एअरपोर्टला जायचंय. तयार राहा."

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट, टोपी आणि हातात बॅग अशा थाटात हजर. मला वाटलं, बॅगेत स्वेटर असतील. तिथल्या उन्हावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पलंगावरची चादर घडी घालून ठेवलेली होती, ती मला शिस्त वाटली. शेजारच्या मार्गारेटला त्यांनी हात जोडले. तिनेही गोंधळून जोडले.

रेस्टॉरंटात बसल्यापासून त्यांच्या नजरेतून काही सुटेना. पाण्यात लिंबाची फोड दिसली. "मागितली नव्हती, मग का दिली?" वाढणारी पोरगी हसली. "ही का हसली?" मग मासा आला, तिकडच्या पद्धतीप्रमाणे नुसता तुकडा.

"याचं डोकं कुठाय?"

"इथे डोकं काढूनच देतात, बाबा."

"डोकं लपवलं म्हणजे मासा शिळा. डोळा बघितल्याशिवाय तुझ्या आईने कधी बोंबीलसुद्धा घेतला नाही."

मी मनापासून खूश होते. हा सगळा प्रवेश फोनवरून आत्याला कसा करून दाखवायचा याची तालीमही मनात चालू होती. तेवढ्यात खिडकीबाहेर दहा-बारा माणसांचं एक पंख्याचं विमान उतरलं. बाबा ताडकन उठले आणि त्यांनी बॅग उचलली.

"बाय गं, हेच ना? एवढंसं? मुंबईपर्यंत पोहोचेल का हे?"

"कुठे निघालात? आपण जेवायला आलोय."

"जेवायला?" ते हळूहळू खाली बसले. "विमानतळावर?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बॅग, चादर, मार्गारेटला नमस्कार. "मी तुम्हाला घालवून देईन असं वाटलं तुम्हाला?"

बाबा त्या माशाकडे बघत राहिले. "घालवशील असं नाही वाटलं गं. वाटलं, तुला कळलं."

"काय कळलं, बाबा?"

"मला घरी जायचंय ते. पण मी आपणहून परतलो तर आळी म्हणेल, लेकीने ठेवला नाही," ते म्हणाले. "तू पाठवलंस तरी तेच म्हणेल म्हणा. पण मग तुझं मन तरी मोडणार नाही."

तर मंडळी, बाबा इतक्या लवकर का परतले म्हणून तुम्ही कुजबुजत होतात, त्याचं हे उत्तर. होय, मीच पाठवलं. आता मोठ्याने बोला.

यंदा रजा काढून गिरीजला आले. माझ्याकडे असताना बाबा सारखं काम शोधायचे, गवत काप, नळ आवळ, जणू राहण्याचं भाडं फेडत होते. इथे मात्र ते दुपारभर ओटीवर केळींकडे बघत नुसते बसले होते. जिथे नुसतं बसायला कारण लागत नाही ते आपलं घर, असं काहीतरी भारदस्त मी मनाशी जुळवत होते. बाबांनी मान वळवून माझ्याकडे निरखून पाहिलं. माझ्या हातात फडकं होतं आणि फळीवरचे सगळे डबे पुसायला मी खाली काढले होते.

"बाय," त्यांनी विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं गं?"