रानमोडीचा नकाशा

नवऱ्याची नोकरी बोईसरच्या कारखान्यात, आणि आमची भाड्याची खोली सालवडला. बरीच वर्षं मी घरीच होते. मग कोळगावच्या जिल्हा कार्यालयाकडून नकाशे करण्याचं कंत्राटी काम मिळालं. रानमोडी कुठे पसरली आहे आणि पुढे कुठे पसरेल, ते दाखवायचं. हे बाहेरून आलेलं झुडूप. थंडीत पांढुरक्या फुलांनी भरतं, उन्हं तापली की त्याचं हलकं बी वाऱ्यावर उडतं. एकदा माजलं की खाली गवतसुद्धा उगवू देत नाही.

पाऊस ओसरल्यावर मी स्कूटीवरून गावोगाव फिरले. झुडूप दिसलं की मोबाइलवर जागा नोंदवायची, घरी येऊन संगणकाला पाऊस, उतार, रस्त्याचं अंतर सगळं पुरवायचं. जिथे रानमोडी आहे तिथे लाल रंग, जिथे येईल तिथे पिवळा, बाकी हिरवं. डोंगराकडचा एक पाडा हिरव्यात आला. खात्री करायला मी तिथे गेले. एका मावशींनी पाणी दिलं. त्यांची थोडी नागली, थोडं भात, दारात शेळ्या. फोनमधलं झुडूप दाखवलं तर म्हणाल्या, "असला पाला आमच्याकडं नाय." अंदाज जुळला म्हणून मी खूश होऊन परतले.

कोळगावच्या कार्यालयात नकाशा दाखवला. तिथल्या साहेबांनी मन लावून पाहिला.

"छान झालंय, मॅडम. निधी आला की काढायला घेऊ."

"साहेब, फुलं यायच्या आत काढायला हवं. बी धरल्यावर हलवलं तर आपणच पसरवू."

"लक्षात आहे माझ्या."

मी फोन करत राहिले. फाइल वर गेली आहे, एवढंच उत्तर. रानमोडी फुलली, फुलं वाळली, बी पिकलं. आणि मार्च संपता संपता निधी आला.

मला कुणी कळवलंही नाही. रस्त्याने जाताना जेसीबी दिसला. झुडपं ओरबाडून डंपरमध्ये भरत होते आणि रुईच्या म्हाताऱ्या उडाव्यात तसं बी हवेत उडत होतं. मी स्कूटी आडवी लावून ओरडले. मुकादम शांतपणे म्हणाला, "मॅडम, सफाई का ऑर्डर है, सफाई कर रहे हैं."

तिथूनच साहेबांना फोन लावला.

"आता थांबवलं तर निधी परत जाईल," ते म्हणाले. "पुन्हा मिळायचा नाही. उचलून नेतायत ना? मग झालं तर."

डंपर माझ्यासमोरून निघून गेला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले, रागानेच.

पावसाळ्यात फेरतपासणीसाठी त्या पाड्यावर गेले. मावशींच्या शेताला लागून मुरूम काढलेला जुना खड्डा होता. तो रानमोडीने भरला होता. कोवळी रोपं बांध ओलांडून नागलीत शिरली होती.

मावशींनी मला लगेच ओळखलं. "ह्योच ना तुमचा तो पाला? फोनात दाखवलेला?"

"इथे कुणी टाकला, मावशी?"

"डंपर आला, ओतून गेला. इचारलं तर म्हनतात, नकाशाचं काम हाय. तुमीच काढलाव ना नकाशा?"

मी हो म्हटलं.

"शेळी तोंड लावत नाय त्याला," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मी तशीच ओल्या बांधावर बसले आणि रोपं उपटायला लागले. बऱ्याच वेळाने मावशी बाहेर आल्या, दुसऱ्या टोकापासून त्यांनीही सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी कोळगावला जाऊन साहेबांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा पुसून ते नीट बघितले, मग माझा नकाशा उघडला.

"पण हा पाडा तर तुम्ही हिरवा दाखवला होता. म्हणजे अंदाज चुकला म्हणायचा."

"साहेब, डंपर कुठे जाणार ते संगणकाला कसं कळणार?"

"ते खरं. पण अहवालात डंपर लिहू नका, मॅडम. अंदाजात तफावत, असं घाला."

मी डंपरच लिहिलं. त्या अहवालाचं पुढे काय झालं, कुणी सांगत नाही.

नवऱ्याला सुट्टी असली की आम्ही दोघं पाड्यावर जातो. मावशी अजून मोजकंच बोलतात. उपटलेल्या जागी पुढच्या खेपेला नवी रोपं असतात. फुलं यायच्या आत सगळं निघेल, असं काही दिसत नाही.