सातव्या क्लिपमधली बाई

या सदरातले अनुभव मी दर वेळी वाचते आणि दर वेळी मनात म्हणते, यांनी तेव्हाच नीट तपासलं असतं तर लिहायची वेळच आली नसती. माझा स्वभावच तसा आहे. किराणा, वर्गाची कामं, सासूबाईंच्या गोळ्या, सगळ्याच्या याद्या असतात, आणि काम झालं की पुढे बरोबरची खूण. भुतंखेतं, संकेत, साक्षात्कार... हे माझ्या कुठल्याच यादीत कधी नव्हतं, आजही नाही. तरीही हे लिहिते आहे, कारण मी सगळं तपासलं आणि हाती काहीच लागलं नाही.

आधी ठिकाण. माझं सासर जुन्नर तालुक्यात, पिंपळवंडीला. नोकरी आंबेगाव तालुक्यात, तळेघरकडच्या एका हायस्कूलमध्ये. आठवडाभर घोडेगावात खोली आणि शनिवारी घर. बावीस वर्षं इंग्रजी शिकवते. मुलं वरच्या वाड्यांमधून येतात, बरीचशी चालत.

दहावीला इंग्रजीची तोंडी परीक्षा असते, ऐकणं आणि बोलणं. ऐकण्याच्या सरावासाठी इतकी वर्षं माझी पद्धत एकच होती. कपाटाचं दार उघडायचं आणि त्यामागे उभं राहून संवाद वाचायचा, म्हणजे मुलांना ओठ दिसत नाहीत. बाईचा आवाज मीच, पुरुषाचाही मीच. पुरुषाच्या आवाजाला पहिल्या बाकावर हमखास हसू फुटायचं.

मग गणिताच्या थोरात सरांनी मला एआयचं एक ॲप दाखवलं. विषय सांगायचा, ते संवाद लिहून देतं आणि दोन वेगवेगळ्या आवाजांत बोलूनही दाखवतं. पहिल्यांदा त्याने लंडनच्या दुकानात चीज घेणारी एमिली दिली. म्हटलं, हे नको. धरण सांगितलं, नाचणी सांगितली, एसटीचा थांबा सांगितला. एका बैठकीत अकरा क्लिप तयार! मी खरंच थक्क झाले. त्यातली माणसं मध्येच ‘अं...’ म्हणून अडखळायचीसुद्धा. फक्त डिंभे धरणाचा उच्चार ‘डिंबी’ झाला होता.

"राव, आपलं डिंभं पार विलायतेला नेऊन ठेवलं ह्या ॲपनं," थोरात सर म्हणाले.

सगळ्या क्लिप मी मोबाइलमध्ये उतरवून घेतल्या, ऐकल्या आणि वहीत क्रमांक, विषय, वेळ असं लिहून ठेवलं. सात नंबर — एक मिनिट चौदा सेकंद. तळेघरच्या थांब्यावर एक परकी बाई डोंगरामागच्या गावाला जायची गाडी विचारते. पुरुष सांगतो, लाल बस, अकरा वाजता, अर्ध्या तासाचा रस्ता. बाई म्हणते, छान, मग मी इथेच थांबते. मी खूण करून मोकळी झाले. पिंपळवंडीला हायवेवर उभं राहिलं की काही ना काही वाहन मिळतंच. डोंगरामागे एसटी जाते की नाही, हे पाहायचं मला सुचलंच नाही.

आता रोहिणी. दहावीच्या वर्गात खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची आणि त्याच डोंगरामागून यायची. लेखी बरं होतं, पण इंग्रजीच्या तासाला तिने तोंड उघडलेलं मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. विचारलं की उभी राहायची, खाली बघायची. मी दोन-तीन सेकंद थांबायचे आणि म्हणायचे, "नेक्स्ट." सरावाच्या तोंडी परीक्षेत तिला शून्य पडलं. बोललीच नाही तर मी गुण कशाला देणार?

पालकसभेला तिची आई आली. म्हणाली, "बाई, नापास झाली तर हिचं बाबा शाळा बंद करनार. नारायनगावला हिची आत्या हाये, टमाटं निवडायला जाईल तिच्यासंगं. तसं ठरल्यालं हाये."

"अहो, पण ही बोलतच नाही," मी म्हटलं.

"ही? बोलत न्हाई?" आई हसायलाच लागली. "घरी ये बाई तू एकदा. हिनं हाळी दिली तर पल्याडच्या शेतातला बैल मान वर करतोय."

रोहिणी शेजारी उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती.

डिसेंबर होता. भाताची झोडणी उरकून मुलं वर्गात परत आली होती. मंगळवार, तिसरा तास, एकतीस मुलं हजर. तिथे रेंज नसतेच, शिवाय मोबाइल मी फ्लाइट मोडवर टाकला होता. स्पीकर वायरने जोडलेला. मुलांना प्रश्नांचे कागद वाटले आणि सात नंबर लावला.

बाईचा आवाज आला, "एक्सक्यूज मी! व्हिच बस गोज टु द व्हिलेज बिहाइंड द हिल?"

यानंतर पुरुषाने बोलायला हवं होतं. कुणीच बोललं नाही. मला वाटलं मोबाइल अडकला. वाकून पाहिलं तर अडकला नव्हता, सेकंद पुढे सरकत होते. स्पीकरमधून थांब्यावरचा बारीक गलबलाही येत होता. फक्त उत्तर येत नव्हतं. दहा सेकंद... पंधरा... मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून आवाज आला. आवाज कसला, हाळीच ती! खिडकीची काच वाजली असेल.

"नो बस! नो बस देअर! वॉक!"

रोहिणी उभी होती. माझ्याकडे नाही, स्पीकरकडे बघत होती.

"आय सी," स्पीकरमधली बाई म्हणाली. "हाऊ फार इज इट?"

हे वाक्य संवादात होतं. म्हणून त्या क्षणी मला वाटलं, पुरुषाचा आवाज तेवढा गेलाय आणि हिचा मेळ योगायोगाने बसला. पुन्हा तशीच शांतता.

"वन अँड हाफ अवर," रोहिणी म्हणाली. "अप... देन डाऊन."

"देन आय मस्ट स्टार्ट नाऊ. व्हिच वे?"

हे वाक्य संवादात नव्हतं. मी ती क्लिप तीनदा ऐकलेली होती. तिथे बाई म्हणते, मी इथेच थांबते. माझा हात हवेतच राहिला.

रोहिणीने हाताने दाखवल्यासारखं केलं. "गो बाय... गो बाय..." आणि अडली. तिला ओढ्याचा इंग्रजी शब्द येत नव्हता. मला येत होता, अगदी ओठांवर होता. पण तो मी का सांगितला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. स्पीकरमधली ती बाई थांबली होती. कान देऊन कुणी थांबलं आहे हे जसं कळतं, तसंच कळत होतं. खूप वेळ गेला. आणि मग रोहिणीचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"वॉटर! स्मॉल वॉटर. गो विथ वॉटर. रेनी डे, नो गो—" ती थांबली आणि सावकाश पुन्हा म्हणाली, "रेनी डे, नो गो. नाऊ, गो."

"थँक यू," बाई म्हणाली. "यू हॅव हेल्प्ड मी अ लॉट."

क्लिप संपली. भिंतीवरच्या घड्याळात जवळजवळ चार मिनिटं गेली होती.

दुसऱ्या बाकावरचा पोरगा वळून म्हणाला, "आयला, रोहिणी बोलती राव! हिचं बटन कुठं व्हतं इतके दिस?" आणि सगळा वर्ग फुटला. मीही हसले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, "आजच कशी काय बोललीस गं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "बाई, ती इचारून थांबली व्हती. कुनीच ओ देईना. मंग?"

मग तिने मला समजावून सांगितलं, मी लहान असल्यासारखं. त्यांच्याकडे एका उतारावरून दुसऱ्या उतारावर निरोप देताना आधी हाळी द्यायची आणि पलीकडून ‘ओ’ येईपर्यंत थांबायचं. आवाज जायला वेळ लागतो, माणसाला हातातलं काम सोडायला वेळ लागतो. हाळी देणारा थांबलाय हे दिसत असताना ओ न देणं म्हणजे लई वाईट. "तुमी थांबत नाय ना बाई," ती सहज म्हणाली. "तुमी लगी फुडच्याला इचारता."

त्याच सुट्टीत थोरात सर आणि मी ती क्लिप पुन्हा लावली. एक मिनिट चौदा सेकंद. पुरुषाचा आवाज जागेवर, लाल बस अकरा वाजता, बाई म्हणते मी इथेच थांबते.

"मॅडम, फाइल करप्ट असंल," सर म्हणाले.

"करप्ट फाइल ऐकून उत्तर देते का?"

"एआय हाये ना. शिकलं असंल."

"सर, ते ॲप उघडलंच नव्हतं. ही नुसती आवाजाची फाइल आहे. तुमच्या मोबाइलमधल्या वरातीच्या गाण्यासारखी."

सर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी जेवला व्हता ना सकाळी?"

हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून मी मुलांनी भरून दिलेले कागद काढले. चौथा प्रश्न होता, ती बाई काय करणार? एकतीसपैकी अठ्ठावीस मुलांनी आपापल्या स्पेलिंगमध्ये लिहिलं होतं की ती आता चालायला लागणार. उरलेल्या तिघांनी ती जागा कोरी सोडली होती. ‘थांबणार’ असं एकानेही लिहिलं नव्हतं. चालायचं ते त्यांनी रोहिणीच्या तोंडून ऐकलं असं म्हणता येईल, पण मूळ क्लिप वाजली असती तर एकाने तरी ‘थांबणार’ लिहिलंच असतं. ते कागद माझ्याकडे आहेत. कुणाला पाहायचे असतील तर दाखवीन.

त्यानंतर त्याच वर्गात, त्याच स्पीकरवर, त्याच तासाला मी सात नंबर कितीतरी वेळा लावला. प्रत्येक वेळी लाल बस अकरालाच येते. एकदा रोहिणी दारात उभी राहून बघत होती.

"बाई, आता नाय ती इचारायची," ती म्हणाली. "तिला कळला ना रस्ता."

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. रोहिणी समोर येऊन बसली. मी विचारलं, "टेल मी अबाऊट युअर हाऊस." ती खाली बघायला लागली. दाराशी पुढची मुलं धक्काबुक्की करत होती, शिपाई दोनदा डोकावून गेला, अजून अकरा जण बाकी होते. मी पेन खाली ठेवलं आणि थांबले. जीभ दातांखाली दाबून थांबले, कारण ‘नेक्स्ट’ माझ्या तोंडात तयारच असतो. किती वेळ गेला ते या वेळी मी मोजलं नाही. मग तिने मान वर केली आणि घर सांगितलं, उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत, आठ वाक्यं. त्यातली तीनच व्याकरणाला धरून होती. बाहेरची मुलं धक्काबुक्की थांबवून ऐकत होती, इतका मोठा आवाज. गुण मी दिले ते तिचे होते, एकही जास्तीचा नाही.

रोहिणी पास झाली. यंदा ती घोडेगावला अकरावीत आहे.

मी अजूनही ॲपवरून क्लिप बनवते आणि अजूनही त्याचं कौतुक वाटतं. त्या मंगळवारी स्पीकरमधून कोण बोललं, हे मात्र मला माहीत नाही. थोरात सरांना माहीत नाही, आणि ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी माझ्या झोपेची चौकशी केली. जे कोणी होतं, त्याला एका मुलीच्या उत्तराची वाट पाहता येत होती. बावीस वर्षांच्या नोकरीत मला ती पाहता येत नव्हती.