म्रिकाची चाळीस झाडं

म्रिकाचं लग्न झालं नाही, याचं खापर गाव सहकारी शेतीवर फोडत असे. ती स्वतः म्हणायची, झाडांशी संसार केला तेच बरं, निदान ती जेवणाला नावं ठेवत नाहीत. तोंडाची फटकळ, पण हात हलका. उत्तर अल्बेनियाच्या त्या डोंगरात सफरचंदाचं कलम बांधावं ते तिनंच.

सदुसष्ट साली सहकारी शेती आली तीच दंडुका घेऊन. सभासद व्हायचंय का, असं कुणी विचारलंच नाही. शेजारच्या प्रेंगच्या बापानं आपला उतार सोडायला नकार दिला, तर त्याला त्याच जमिनीवर, सगळ्या गावादेखत, बंदुकीच्या दस्त्यानं बरगड्या मोडेपर्यंत मारलं. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. घरटी परसात कांदे-घेवड्यापुरती जागा उरली, पुढे तीही आखडली. घरोघरच्या बकऱ्या हाकून न्यायला माणसं आली, तेव्हा म्रिकाच्या आईनं शेवटची बकरी त्यांच्यासमोर दारात कापली, पण दिली नाही.

प्रेंगच्या बापाच्या उतारावर सफरचंदं लावायचा हुकूम निघाला आणि विशीतल्या म्रिकाला तिथं धाडलं. जमीन कुणाची हे तिला ठाऊक नव्हतं, असं नाही. पण कलम जगलं की जीव गुंततो, त्याला काय करणार? चाळीस झाडं तिनं वाढवली.

एक्याण्णवच्या वसंतात साम्यवादी राजवट ढासळली आणि सहकारी शेती मोडली. लोकांनी आधी गोठा फोडला. कौलं, दारं, चौकटी, हाताला लागेल ते ओढून नेलं. गायी अंगणातच कापल्या आणि मांसाच्या वाट्यावरून दोन चुलतभावांनी एकमेकांची डोकी फोडली. इतक्या वर्षांचा राग होता, मान्य. पण गायींनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

तिसऱ्या सकाळी प्रेंग कुऱ्हाड घेऊन उतारावर गेल्याचं कळलं. म्रिका धावत सुटली. त्याच्या बापाची आठवण काढून रडली असती, तर कदाचित तो थांबलाही असता. ती धापा टाकत भलतंच बोलली.

"प्रेंग, ही झाडं मी माझ्या हातानं लावलीत रे."

तिला दया हवी होती. पण त्या डोंगराची जुनी रीत अशी, की झाड लावणाऱ्याचं, आणि ते उभं असेतो खालच्या मातीवरही त्याचा हक्क. ती रीत चोवीस वर्षं दाबली होती, विसरली कुणीच नव्हती.

"म्हणजे हक्क सांगतेस?" प्रेंग म्हणाला. "माझ्या बापाचं रक्त सांडलं त्या मातीवर?"

"हक्क नको रे मला," ती म्हणत राहिली. त्यानं ऐकलं नाही. फुलोऱ्यातली झाडं एकामागून एक कोसळली. मध्ये आलेल्या म्रिकाला त्यानं दोनदा ढकलून पाडलं. दुपारी एकच झाड उरलं, तेही अर्धं तुटलेलं. तिनं बुंध्याला मिठी मारली तेव्हा कुऱ्हाड खाली यायला निघाली होती. उजव्या हाताची दोन बोटं गवतात पडली.

किंकाळी ऐकून तिचा भाऊ झेफ बंदूक घेऊन वर आला. घरच्या बाईचं रक्त सांडलं, म्हणजे जुन्या रीतीप्रमाणे आता त्यानं प्रेंगला मारायचं, प्रेंगच्या भावांनी झेफला. मग दोन्ही घरांतले पुरुष सुडाच्या भीतीनं वर्षानुवर्षं दारामागे कोंडलेले. प्रेंगनं कुऱ्हाड टाकली होती, पण तो पळाला नाही.

"कुणी केलं?" झेफनं नेम धरूनच विचारलं.

"मीच," म्रिका म्हणाली. "जमीन प्रेंगची आहे. ती मोकळी करून देत होते. हात घसरला."

"तू? तू झाडं तोडत होतीस?"

बंदूक हलली नाही. म्रिकानं डाव्या हातानं कुऱ्हाड उचलली. घाव वेडेवाकडे बसत होते, उजव्या हातातून रक्त वाहत होतं आणि ती लाज सोडून हुंदके देत होती. प्रेंगला पाहवेना, तो मदतीला पुढे झाला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "माझं आहे ते."

झाड पडलं, तेव्हा झेफनं बंदूक खाली केली.