मोठ्यानं बोलायला लावणाऱ्या बाई

आमच्या बाई शाबासकी देत नसत. काम बरोबर जमलं, की तेच काम थोडं अवघड करून पुन्हा पुढ्यात ठेवत. संत्री लहान-मोठी वेगळी करून झाली की म्हणायच्या, "आता डागी वेगळी कर." ते जमत आलं की मधेच एखादा निरोप सांगायच्या आणि पाच मिनिटांनी तो परत विचारायच्या. संत्र्यांचा हंगाम नसला की कांदे आणायच्या. चिडून मी एकदा म्हणालो, "बरोबर करून राहिलो तरी सुटका नाही का जी?" त्या म्हणाल्या, "बरोबर आलं म्हणूनच तं वाढवलं, बापू."

बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. पांढुर्ण्यात दोन खोल्यांत त्यांचा वर्ग भरायचा. येणारे आम्ही सगळे मनाच्या मोठ्या आजारातून उठलेले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मला आवाज ऐकू यायला लागले आणि मी मोहगावला घरी परतलो, तो कित्येक वर्षं घरातच राहिलो. पुढे गोळ्यांनी आवाज गप्प झाले. 'बरा झाला, आता कामाला लावा,' असं सगळे म्हणाले. पण दोन वस्तू आणायला पाठवलं तर मी एकच घेऊन यायचो. किराणा दुकानातून काढलं, मग कापसाच्या जिनिंगमधून काढलं. एका कानानं ऐकतो अन् दुसऱ्यानं सोडतो, असं लोक म्हणत. गोष्ट पहिल्या कानापर्यंतच पोचत नव्हती, हे फक्त बाईंना कळलं. आजारानं लक्षाची आणि आठवणीची सवय मोडते आणि ती पुन्हा लावावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणणारे नातेवाईक मला भरपूर होते. बाई त्यांच्याशी वाद घालत नसत, मला मात्र एकही दिवस बुडवू देत नसत.

"आधी आयक, मंग बोल, मंग हात लाव," हा त्यांचा मंत्र. काम करताना प्रत्येक पायरी तोंडानं म्हणायची. मोठं फळ या कॅरेटमध्ये, मधलं त्या कॅरेटमध्ये, डागी बाजूला. गंमत बघा, ज्या माणसाला एकटाच बोलतो म्हणून गावानं वेडा ठरवलं, त्यालाच त्या मोठ्यानं बोलायला लावत होत्या. पण तोंड बोलत असलं की माझं मन भटकत नसे, आणि चुका खरोखर कमी झाल्या.

वर्षभरानं बाईंनी बोरगावजवळच्या एका गोदामात मला संत्र्यांच्या छाटणीवर, म्हणजे फळं निवडून वेगळी करायच्या कामावर, लावून दिलं. तिथे मी शिकवल्याप्रमाणे चोख काम केलं आणि शिकवल्याप्रमाणे दिवसभर मोठ्यानं बोललो. तिसऱ्या दिवशी सोबत छाटणी करणाऱ्या बाया लांब सरकून बसल्या. चौथ्या दिवशी सेठनं बाईंना बोलावून घेतलं. "माल चांगला निवडते हो, पण एकटाच बोलून राहिला. बाया भेऊन राहिल्या. उद्यापासून नको."

मी कॅरेटपाशी उभा राहून ऐकत होतो. हे काम गेलं असतं तर मी पुन्हा घराबाहेर पडलो नसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेजारी मोजणारा बुढा सुरात फळं मोजत होता. लाभ, दोन, तीन. आमच्याकडे एकाला लाभच म्हणतात. बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "हा दिवसभर मोठ्यानं बोलते, त्याले कोणी भेते का? माझ्या पोराले याच्या बाजूले बसवा. पंधरा दिवस द्या मले."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चूक माझी हाये. मोठ्यानं बोलनं शिकवलं, हळू करनं राहूनच गेलं." शिकवणाऱ्या माणसानं माझ्यापाशी चूक कबूल केल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. पंधरा दिवस त्या रोज सकाळी बसनं येऊन माझ्या शेजारी बसल्या. बोलणं आधी कुजबुजीवर आलं, मग नुसते ओठ हलू लागले, मग तेही थांबले. सोळाव्या दिवशी बाई आल्या नाहीत. मला राग आला, भीतीही वाटली, पण माल बिनचूक निवडला गेला. त्या गोदामात त्या पुन्हा कधीच आल्या नाहीत.

आता छाटणीच्या आठ बायांवर देखरेख मीच करतो. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्याचं कळलं, तेव्हा सुट्टी घेऊन पांढुर्ण्याला गेलो. दारात त्यांच्या मुलानं विचारलं, "आपण कोण?"

"बोरगावच्या संत्र्यांच्या गोदामात छाटणी पाहतो जी."

त्यानं विचारलं, "म्हणजे आई संत्री तुमच्याकडून घ्यायची का?"

मी हो म्हणालो आणि आत जाऊन हात जोडले. इतकी वर्षं बाईंनी घरातही माझं नाव काढलं नव्हतं, माझा आजार कुणाला कळू दिला नव्हता. परतताना बसमध्ये मला रडू आवरलं नाही. त्यांनी मला माणसांत आणलं, हे सांगणारं आता माझ्याशिवाय कुणीच नाही, म्हणून माझा आजार न लपवता हे लिहायला बसलो.